विद्यापूरचा कवी-चित्रकार : इब्राहीम आदिलशहा दुसरा

विजापूरची सहल करून आलेली मुले घरी दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे गोलघुमटात घुमणारा प्रतिध्वनी आणि दुसरी म्हणजे बुरुजावरची मुलूख-मैदान तोफ. गोलघुमटात मुहम्मद आदिलशहाची (राज्यकाल १६२७ ते १६५६) कबर आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असते. परंतु या मुहम्मदाचे वडील कोण, असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. १५८० पासून १६२७ पर्यंत, म्हणजे तब्बल ४७ वर्षे विजापूरच्या गादीवर बसलेला तो पुरुष कवी होता, गायक होता, सुंदर अक्षर काढणारा होता आणि कुंचलाही हाती धरणारा होता. त्याने स्वतःची ओळख शूर सेनानी म्हणून करून दिली नाही. एका हाती तंबोरा आणि दुसऱ्या हाती पुस्तक घेतलेला विद्यापूरचा रहिवासी अशी आपली ओळख त्याने आपल्याच कवितेत लिहून ठेवली. विजापूर, म्हणजे विजयाचे शहर, या नावाऐवजी विद्यापूर, म्हणजे विद्येचे शहर, हे नाव त्याला प्रिय होते. शिक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या स्मरणिकेत त्याची आठवण काढणे म्हणूनच अगदी उचित ठरावे.

आपल्याशी त्याचे नाते

रहाटणी, पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांनी अनेक जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांना भाकरी दिली. सोलापूर, लातूर, धाराशिव, गुलबर्गा, विजापूर या भागांतून आलेली घरेही त्यांत आहेत. पुणे आणि चाकणचा मुलूख १६३६ च्या तहानंतर आदिलशाहीकडे आला, ही गोष्ट वेगळीच. परंतु आपले खरे नाते आहे ते भाषेचे. आपल्यापैकी कित्येक घरांत जी बोली बोलली जाते ती दख्खनी. मूल घरात 'नक्को' म्हणते, 'मैंच जाता' म्हणते, आणि शाळेत गेले, किंवा उत्तरेकडचा कोणी पाहुणा आला, की आईवडीलच त्याला दटावतात, "नीट उर्दू बोल, ही बिघडलेली भाषा आहे." मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठी परकी वाटते आणि घरची बोली हलकी वाटते. दोन्हीकडून त्याची जीभ आखडते.

वाचकहो, ज्या बोलीला आपण बिघडलेली म्हणतो, त्या बोलीत चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाने आपला ग्रंथ रचला. फारसी ही दरबाराची प्रतिष्ठित भाषा असतानाही त्याने दख्खनी निवडली. 'नक्को' मधला 'नको' आणि 'मैंच' मधला 'च' हे दोन्ही मराठीकडून दख्खनीला मिळालेले दागिने आहेत, बिघाड नव्हे. एवढी एक गोष्ट आपल्या मुलांच्या मनावर ठसली तरी या लेखाचे काम झाले असे समजावे.

बालपण

इब्राहीमचा चुलता अली आदिलशहा पहिला याला पुत्र नव्हता. १५८० साली त्याचा खून झाला आणि त्याच्या भावाचा, तहमास्पचा मुलगा इब्राहीम गादीवर आला. त्या वेळी तो अवघा नऊ वर्षांचा होता. आपल्याकडे चौथी-पाचवीत बसणाऱ्या मुलाचे हे वय! राज्य अर्थातच त्याच्या नावाने दुसरेच चालवीत होते. कामिलखान, किश्वरखान, इखलासखान, दिलावरखान असे कारभारी एकामागून एक आले. कोणी मारला गेला, कोणी पळाला, कोणाचे डोळे काढले गेले.

या धामधुमीत मुलाच्या पाठीशी उभी राहिली ती त्याची चुलती, अलीची विधवा चांदबीबी. किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. पण तो पडताच ती सन्मानाने परत आली. हीच चांदबीबी पुढे माहेरी अहमदनगरला गेली आणि १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यातून तिने तो किल्ला वाचवला. अशा करारी स्त्रीच्या देखरेखीखाली इब्राहीमचे बालपण गेले. १५९० मध्ये त्याने दिलावरखानाला दूर केले आणि कारभार हाती घेतला. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता.

मनात आणले असते तर हा तरुण संशयी आणि क्रूर बनू शकला असता. लहानपणापासून त्याने कट आणि खून पाहिले होते. त्याचे मन मात्र सुरांकडे, रंगांकडे आणि शब्दांकडे वळले.

दरबारातील भाषा

विजापूरच्या दरबारात इराणातून आलेले विद्वान होते, हबशी सरदार होते, दख्खनी मुसलमान होते. घाटगे, माने, निंबाळकर, घोरपडे यांच्यासारखी मराठी घराणी होती आणि हिशेबाची दप्तरे सांभाळणारे ब्राह्मण कारकून होते. इब्राहीमचा आजोबा इब्राहीम आदिलशहा पहिला याने जमाबंदीचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले होते. प्रत्यक्षात ते काम मोठ्या प्रमाणावर मराठीत होऊ लागले. अली आदिलशहाच्या काळात शाही ग्रंथालयावर शेष वामन पंडित यांची नेमणूक होती.

अशा वातावरणात वाढलेल्या इब्राहीमला फारसी समजत असे, पण त्याची जीभ देशी भाषांत अधिक मोकळी होती. अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला. इब्राहीमची मुलगी शाहजादा दानियाल याला दिली होती, तिला घेऊन जाण्याची कामगिरी त्याच्यावर होती. फारसीत बोलण्यापेक्षा मराठीत बोलणे या बादशहाला सोपे जाते, हे त्याच्या ध्यानात आले. तंबाखू प्रथम मोगल दरबारात नेली तीही याच असदबेगाने, विजापूरहून.

शहाजीराजे भोसले यांनीही १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर काही काळ इब्राहीमची चाकरी केली आणि सरलष्कर हा किताब मिळवला. इब्राहीम वारला तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. आपली मुले आदिलशाहीचे नाव ऐकतात ते अफझलखानाच्या प्रसंगामुळे. तो प्रसंग १६५९ चा, म्हणजे इब्राहीमच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांचा. इतिहास वाचताना सन पाहण्याची सवय असली की पुष्कळ गैरसमज आपोआप गळून पडतात.

किताब-ए-नौरस

इब्राहीमचा ग्रंथ म्हणजे 'किताब-ए-नौरस'. त्यात ५९ गीते आणि १७ दोहरे आहेत. ती गाण्यासाठी रचलेली आहेत, म्हणून त्यांची मांडणी भैरव, मल्हार, केदार, कल्याण, कानडा अशा रागांप्रमाणे केली आहे. नौरस या शब्दात त्याने दोन अर्थ गुंफले. आपल्या शास्त्रातले नऊ रस हा एक अर्थ, आणि फारसीप्रमाणे नवा, ताजा रस हा दुसरा. एका शब्दात दोन परंपरा त्याने शेजारी बसवल्या.

या गीतांत प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची स्तुती आहे, गुलबर्ग्याचे हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्याविषयीची अपार भक्ती आहे, तशीच विद्येची देवता म्हणून सरस्वतीची आणि गणपतीची प्रार्थनाही आहे. राणी चाँद सुलतान आहे (ही चुलती चांदबीबी नव्हे), लाडका हत्ती आतशखान आहे आणि मोतीखान नावाचा तंबोरासुद्धा आहे. बादशहा आपल्या वाद्याला माणसासारखे नाव देतो आणि त्याच्यावर कविता करतो, यावरून त्याचे वेड समजते.

कवी आणि चित्रकार एकाच देहात कसे नांदतात, हे पाहायचे असेल तर त्याची रागांवरील गीते पाहावीत. प्रत्येक राग जणू समोर उभा असलेला स्त्री किंवा पुरुष आहे असे समजून तो त्याचे वर्णन करतो. अंगाचा रंग कोणता, वस्त्र कोणते, दागिने कोणते, आसन कसले, हे सारे तो सांगतो. कानाने ऐकायची वस्तू तो डोळ्यांपुढे रंगवतो. रागांची चित्रे काढण्याची, म्हणजे रागमालेची जी कला दख्खनमध्ये भरभराटीला आली, तिचेच हे शब्दातील रूप होय.

इंग्रजी साहित्यात लंडनच्या विल्यम ब्लेक (१७५७ ते १८२७) याचे नाव असेच घेतले जाते. तो कविता लिही, तीच तांब्याच्या पत्र्यावर चित्रासह उमटवी, छापी आणि पत्नीच्या मदतीने हाताने रंगवी. तो एका मोजे विकणाऱ्या दुकानदाराचा मुलगा. हयातीत त्याच्या पुस्तकांच्या फार थोड्या प्रती खपल्या. इब्राहीम त्याच्या दोनशे वर्षे आधी वारला आणि तो होता बादशहा. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु शब्द आणि चित्र ही एकाच दृष्टीची दोन अंगे आहेत, ही समज दोघांचीही होती.

ग्रंथाला फारसी प्रस्तावना लिहिली ती इराणातून आलेला विख्यात कवी जहूरी याने. तिच्यामुळे दख्खनी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही ग्रंथाची कीर्ती पोचली. जहूरी बादशहाच्या गायनाची, अक्षराची आणि चित्रकलेची तोंडभर तारीफ करतो. दरबारी कवीची तारीफ थोडी पाखडूनच घ्यावी लागते हे खरे. तथापि इब्राहीमच्या गीतांतील रंगांची जाण आणि त्याच्या पदरी जमलेले चित्रकार पाहिले म्हणजे त्या तारिफेत पुष्कळ दाणा आहे असेच म्हणावे लागते.

रंगांचा दरबार

विजापूरच्या त्या काळातील चित्रांत सोनेरी, जांभळा, गुलाबी आणि गर्द हिरवा असे रंग एकमेकांत असे मिसळलेले असतात की चित्र पाहताना जागेपणी स्वप्न पाहत असल्याचा भास व्हावा. मोगल चित्रकार दरबारातली माणसे आणि प्रसंग जसेच्या तसे उतरवण्यात पटाईत होते. विजापूरच्या चित्रकारांना त्या माणसाच्या मनातले वातावरण दाखवायचे असे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये साधारण १६१५ सालचे इब्राहीमचे एक चित्र आहे. त्यात त्याच्या हाती तलवार नाही, करताल आहेत. आपल्या कीर्तनकारांच्या चिपळ्यांच्याच जातीचे हे वाद्य. प्राग शहराच्या संग्रहालयातील एका चित्रात तो तंबोरा वाजवीत बसला आहे. हे चित्र फर्रुखबेगचे. हा चित्रकार काबूलहून अकबराकडे आला, पुढे काही वर्षे विजापूरला राहिला आणि नंतर जहांगीरच्या दरबारी गेला. आयर्लंडमधील डब्लिनच्या चेस्टर बिटी ग्रंथालयात हातावर मैना घेतलेल्या जोगिणीचे एक अप्रतिम विजापुरी चित्र आहे. दख्खनी कलेचा उत्कृष्ट नमुना म्हणून जगभरचे जाणकार त्याचे नाव घेतात. हॉलंडच्या हार्लेम गावचा कॉर्नेलिस हेडा हा चित्रकारही १६१० पासून पुढे विजापूरच्या दरबारात होता.

इराण, काबूल, हॉलंड आणि दख्खन असे चार दिशांचे हात एका गावात काम करीत होते. बाहेरून आलेल्या कारागिराला परका मानले असते तर हे घडले नसते. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांनी उभ्या केलेल्या आपल्या औद्योगिक नगरीला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नौरसपूरचे स्वप्न

१५९९ साली इब्राहीमने विजापूरच्या पश्चिमेला, तोरवी गावाजवळ, एक नवे नगर वसवायला घेतले. त्याचे नाव नौरसपूर. संगीताचे, कवितेचे आणि कारागिरीचे हे शहर व्हावे अशी त्याची कल्पना होती. महाल उठले, बागा झाल्या, तटाचे काम सुरू झाले, ईद-ए-नौरस नावाचा उत्सव होऊ लागला. तोरवी हे मुळात नृसिंहाचे क्षेत्र. 'तोरवे रामायण' या प्रसिद्ध कन्नड काव्याचे नावही याच गावावरून पडलेले. गंमत अशी की ज्या वर्षी नौरसपूरचा पाया घातला गेला, त्याच १५९९ साली पैठणला संत एकनाथ महाराजांनी समाधी घेतली. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद काव्यात मांडणारे नाथ एकीकडे आणि नऊ रसांचे नगर वसवणारा बादशहा दुसरीकडे. दख्खनच्या मातीत त्या काळी काय पेरले जात होते याची यावरून कल्पना यावी.

स्वप्न मात्र फार टिकले नाही. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला आणि मग तो थेट विजापूरवर चालून आला. विजापूरचा तट भक्कम होता, तेथे त्याचे काही चालले नाही. नौरसपूरचा तट अपुरा होता. मलिक अंबरने ते नगर लुटले आणि उद्ध्वस्त केले. पंचवीस वर्षांचे काम थोड्या दिवसांत धुळीला मिळाले. आज तोरवीजवळ संगीत महालाच्या उंच कमानी तेवढ्या उभ्या दिसतात.

इब्राहीमबरोबरच, १५८० सालीच, गोवळकोंड्याच्या गादीवर मुहम्मद कुली कुतुबशहा आला. तोही दख्खनीत कविता करणारा. त्याने १५९१ साली हैदराबाद वसवले आणि ते आजही गजबजलेले आहे. दोन्ही राजे कवी, दोघांनीही नगर वसवले. एक जगले, एक मेले. चांगली कल्पना पुरेशी नसते, तिच्याभोवती तटही पूर्ण करावा लागतो, हा धडा नौरसपूरच्या दगडांतून घेण्यासारखा आहे.

दगडात कोरलेला उजेड

इब्राहीमच्या काळातील जी वास्तू टिकली ती म्हणजे शहराच्या पश्चिमेची इब्राहीम रोजा. राणी ताज सुलतान हिच्यासाठी ती बांधायला घेतली होती. १६२७ साली इब्राहीम वारला तेव्हा त्यालाही तेथेच दफन करण्यात आले. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद अशी ही रचना. मलिक संदल या कारागिराचे नाव तेथील शिलालेखात कोरलेले आहे. बादशहाच्या कबरीवर कारागिराचे नाव यावे, हा त्या काळाचा आणि त्या माणसाचा मोठेपणा.

विद्यार्थ्यांनी तेथे गेल्यावर खिडक्या नीट पाहाव्यात. दगडाच्या फळीवर अक्षरे कोरून मधला दगड काढून टाकलेला आहे, त्यामुळे अरबी अक्षरांच्याच जाळ्या तयार झाल्या आहेत. उजेड आत येतो तो अक्षरांच्या फटींतून. भिंतींवर कुराणशरीफच्या आयती आहेत. अक्षरातून उजेड आत यावा, यापेक्षा शिक्षणाचे सुंदर चित्र दुसरे कोणते असेल?

आक्षेप आणि उणिवा

इब्राहीमवर त्याच्या हयातीतही टीका झाली. रियासतीचे काही कागद सरस्वतीच्या नावाने सुरू होत, लोक त्याला 'जगद्गुरू' म्हणत. हे सर्वांनाच रुचले असे नाही. हजरत शाह सिबगतुल्लाह या थोर सूफी बुजुर्गांचे त्याच्याशी मतभेद झाले, ते विजापूर सोडून मदिनेला गेले आणि तेथेच १६०६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची तळमळ खरी होती. दुसरीकडे इब्राहीमच्या ग्रंथातील नाते-शरीफ आणि ख्वाजा बंदानवाजांवरील गीते वाचली म्हणजे त्याने आपला दीन सोडला होता असेही म्हणता येत नाही. दोन्ही बाजू ऐकून घेऊन मत बनवावे, हे शिक्षित माणसाचे लक्षण आहे.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. नऊ रसांचा हा सोहळा मुख्यतः दरबाराचा होता. महाल आणि उत्सव यांचा खर्च शेवटी रयतेच्या सारावसुलीतूनच निघत होता. नौरसपूर एका माणसाच्या इच्छेवर उभे होते. त्या इच्छेला सांभाळणारी दुसरी फळी तयार झाली नव्हती. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि दरबारच संपला. कलावंत पांगले. शाही ग्रंथसंग्रहातील जी पुस्तके शिल्लक होती त्यांपैकी पुष्कळशी इंग्रजी अमलात लंडनला गेली. आपल्या पूर्वजांची चित्रे आणि पोथ्या आज लंडन, डब्लिन आणि प्राग येथे पाहाव्या लागतात, त्याचे हेही एक कारण.

मग उरले काय?

महाल पडले, राज्य बुडाले. पण 'किताब-ए-नौरस' वाचले. ते वाचले कारण त्याच्या नकला झाल्या. खलीलुल्लाह या श्रेष्ठ खुशनविसाने १६१८ साली त्याची एक देखणी प्रत तयार केली, तेव्हा इब्राहीमने त्याला 'पादशाह-ए-कलम', म्हणजे लेखणीचा बादशहा, हा किताब दिला. त्याला स्वतःच्या तख्तावर बसवले असेही सांगतात. ती गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, लिहिणाऱ्या हाताचा एवढा मान करणारा तो काळ होता. इतरही लेखनिकांनी प्रती काढल्या. त्या ग्रंथालयांत राहिल्या आणि १९५६ साली प्रा. नझीर अहमद यांनी मोठ्या परिश्रमाने त्यांवरून ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. तोफेने तट पाडता येतो. दहा ठिकाणी नकललेले पुस्तक पाडता येत नाही.

भाषाही उरली. इब्राहीमच्या आधीपासून विजापूरचे सूफी, हजरत मीरांजी शम्सुल-उश्शाक आणि त्यांचे सुपुत्र हजरत बुरहानुद्दीन जानम, दख्खनीत लिहीत होते. सूफी परंपरेतली चक्कीनामे आणि चरखानामे दळताना आणि सूत कातताना बायका म्हणत. आपल्या मराठी आयाबाया जात्यावर ओव्या म्हणत, अगदी तसेच. म्हणजे ही भाषा गरीब घरातल्या जात्यापासून बादशहाच्या तंबोऱ्यापर्यंत एकच होती. इब्राहीमच्या पुढे विजापुरातच नुसरतीसारखा महाकवी झाला. नंतर औरंगाबादचा वली १७०० साली दिल्लीला गेला. त्याची दख्खनी कविता ऐकून आणि वाचून दिल्लीच्या कवींना फारसी सोडून आपल्या बोलीत लिहिण्याचा हुरूप आला. ज्या उर्दूचे नाव घेऊन आपण मुलांची दख्खनी सुधारू पाहतो, त्या उर्दू कवितेच्या घराचा पाया दख्खनीनेच घातलेला आहे. आणि याच दख्खनच्या मातीत श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. मराठी आपल्याला परकी कधीच नव्हती.

पालकांना दोन शब्द

आपल्या भागातील पालक कष्टकरी आहेत. मुलाने आयटीआय करावे, इंजिनियर व्हावे, चांगल्या कंपनीत लागावे, ही त्यांची इच्छा अगदी योग्य आहे. परंतु वहीच्या मागच्या पानावर चित्र काढणाऱ्या मुलाची वही फाडू नये. त्याला शाळेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसवावे. यंत्राचा सुटा भाग कागदावर काढणारा ड्राफ्ट्समन आणि रोज्याच्या खिडकीचा नकाशा आखणारा कारागीर, दोघांनाही आधी तोच डोळा आणि तोच हात लागतो. गाणाऱ्या मुलीला गप्प बसवू नये. आणि घरच्या बोलीत बोलणाऱ्या लेकराला ती बिघडलेली आहे असे सांगू नये. उर्दू शिकवा, मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा, पण घरची बोली पायाखाली घालून नव्हे. जी मुले घरी मोकळेपणाने बोलतात ती दुसरी भाषा लवकर उचलतात, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

विद्यार्थ्यांनाही एक काम सुचवावेसे वाटते. तुमच्या दादी-नानीला लग्नातली गाणी, पाळणे, कोडी, म्हणी पाठ असतील. ज्या गावाहून त्या आल्या तेथली बोली त्यांच्या तोंडी अजून ताजी असेल. सुटीत त्यांच्याजवळ बसा आणि ते सारे एका वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घ्या. देवनागरीत लिहा किंवा उर्दू लिपीत लिहा. वर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घाला. शब्द अडला तर त्यांनाच अर्थ विचारा आणि शेजारी टिपून ठेवा. मग त्या वहीची आणखी एक प्रत करून शाळेच्या ग्रंथालयात द्या. तुमच्या नातवंडांना आपल्या घरची भाषा वाचायला मिळेल ती त्या वहीतून.